जुन्या ग्रंथांतली योजनं किलोमीटरमध्ये आणली की चंद्र-सूर्याचं अंतर दर वेळी वेगळंच का येतं?

हा प्रॉब्लेम दर वर्षी येतोच. चवथीचे देखावे जवळ आले किंवा शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की पणजी, म्हापसा, फोंडा कुठून तरी कोणीतरी विचारतं, आर्यभटाने चंद्राचं अंतर योजनांत दिलंय ते किलोमीटरमध्ये किती होतं, आणि आम्ही काढलं ते पुस्तकातल्या ३,८४,४०० किमीशी जुळत का नाही. उत्तर प्रत्येकाला वेगवेगळं मिळतं, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

लक्षण असं. एकाने योजन म्हणजे ८ किमी धरलं, दुसऱ्याने ८ मैल, तिसऱ्याने हात-अंगुळांवरून काढून १४.४ किमी, आणि मग आर्यभटाचा नाहीतर सूर्यसिद्धांताचा आकडा उचलून त्याने गुणला, तर एकच चंद्र पावणेतीन लाख किमीवरही येतो आणि जवळजवळ साडेसात लाखांवरही. मग ग्रुपवर भांडण. एक म्हणतो आपल्या लोकांना काही येत नव्हतं, दुसरा म्हणतो सगळं येत होतं, तुमचंच योजन चुकलं. दोघांचा हिशेब एकाच जागी अडकलेला असतो, आणि त्यात ज्यांनी खरंच डोळे लावून आकाश मोजलं त्या माणसांचं काम बाजूलाच राहतं, याचं मला खूप वाईट वाटतं.

मूळ कारण हे की योजन सगळ्यांचं एक नव्हतं. आर्यभट (जन्म ४७६, ग्रंथ ४९९ चा) पृथ्वीचा व्यास १०५० योजनं सांगतो. सूर्यसिद्धांतात तोच १६०० आहे. ब्रह्मगुप्त ६२८ मध्ये परीघ ५००० धरतो, म्हणजे व्यास १५८१ च्या आसपास, आणि भास्कराचार्य ११५० मध्ये परीघ ४९६७ व व्यास १५८१ आणि वर एक चोविसांश असा देतात. पृथ्वी तर तीच आहे, व्यास १२,७४२ किमी. भागून बघा, आर्यभटाचं योजन १२.१ किमी निघतं, सूर्यसिद्धांताचं ७.९६ आणि भास्कराचार्यांचं ८.०६. म्हणजे दोन घराणी सरळ दिसतात, एक बारा किलोमीटरवालं आणि एक आठवालं, आणि नेटवर 'एक योजन म्हणजे किती' विचारलं की त्यातलं कुठलंही एक समोर येतं, ते कुणाचं हे न सांगता.

आता कोणी म्हणेल, मग व्याख्येवरून काढू की, अंगुळापासून वर चढत जाऊ. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून बघू. आर्यभटाचं योजन ८००० पुरुषांचं, म्हणजे पुरुषाच्या उंचीच्या ८००० पट, आणि एक पुरुष ४ हातांचा, म्हणजे ९६ अंगुळांचा. गुणाकार केला तर योजनाची ७,६८,००० अंगुळं होतात. लीलावतीत भास्कराचार्य वेगळ्या वाटेने जातात, २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा कोस, ४ कोसांचं योजन. गुणा. पुन्हा ७,६८,००० अंगुळंच! कागदावर दोघांचं योजन अगदी एक, पण त्याच योजनाने मोजलेली पृथ्वी एकाची १०५० आणि दुसऱ्याची १५८१, दीडपट. अंगुळ मुळात जवाच्या दाण्यांवरून ठरायचं, हात माणसागणिक बदलायचा, आणि अर्थशास्त्रात तर नेहमीचं धनुष्य ९६ अंगुळांचं असलं तरी रस्ते आणि तटबंदी मोजायला १०८ अंगुळांचं वेगळं धनुष्य सांगितलंय. तेव्हा ४५ सेंटिमीटरचा हात धरून ३२,००० हातांचं १४.४ किमी काढायचं आणि ते भास्कराचार्यांच्या पृथ्वीला लावायचं, तर पृथ्वीचा व्यास २२,७०० किमीच्या वर जातो. पृथ्वीच एवढी चुकली तर पुढचा चंद्र कसा बरोबर येणार?

उपाय सोपा आहे. योजनाला किलोमीटर लावूच नका. ज्या ग्रंथातलं चंद्राचं अंतर घेतलंत त्याच ग्रंथातली पृथ्वीची त्रिज्या घ्या, एकाला दुसऱ्याने भागा. योजन वरही आहे खालीही आहे, कटून जातं. उरतं ते 'पृथ्वीच्या इतक्या त्रिज्या', आणि त्याला आजच्या ६,३७१ किमीने गुणा. ज्योतिषाचे ग्रंथ करणाऱ्याला खरं तर हे गुणोत्तरच हवं असायचं, ग्रहणाचं गणित त्यावर चालतं, कोस-मैलावर नाही.

एकदा पूर्ण करून दाखवतो. आर्यभटाच्या हिशेबात चंद्राच्या कक्षेतली एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १० योजनं. वर्तुळात २१,६०० कला, म्हणून कक्षा २,१६,००० योजनं. ही कक्षा म्हणजे परीघ आहे, अंतर नाही, हे मनात पक्कं ठेवा. परिघावरून त्रिज्येकडे जायला पाय (π) लागतो आणि तो आर्यभटानेच दिलाय, २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ, म्हणजे ३.१४१६. तर २,१६,००० भागिले ६.२८३२ म्हणजे ३४,३७७ योजनं. पृथ्वीची त्रिज्या १०५० ची अर्धी, ५२५. भागाकार ६५.५. आजचा खरा आकडा सरासरी ६०.३. किलोमीटरमध्ये नेलं तर ४ लाख १७ हजारच्या आसपास, खऱ्यापेक्षा साधारण साडेआठ टक्के जास्त, आणि चंद्र स्वतःच महिन्याभरात सुमारे ३,६३,००० पासून ४,०५,००० किमीपर्यंत पुढेमागे होत असतो हे लक्षात घेतलं तर ४९९ सालच्या माणसाला मी तरी मनापासून हात जोडतो.

सूर्यसिद्धांताचंही करा. तिथे एका कलेला १५ योजनं, कक्षा ३,२४,०००, त्रिज्या ५१,५६६, पृथ्वीची त्रिज्या ८००, उत्तर ६४.५. योजन दीडपट वेगळं, आकडे सगळे वेगळे, आणि गुणोत्तर मात्र जवळजवळ तेच. सूर्यसिद्धांत स्वतः पायऐवजी दहाचं वर्गमूळ वापरतो, तसं केलंत तर ६४.० येईल, एक टक्क्याच्या आतलाच फरक, त्यावरून गोंधळू नका.

वर कक्षा म्हणजे परीघ म्हटलं ते उगाच नाही. माझी भाची शाळेच्या प्रदर्शनासाठी चार्ट करत होती, फोन करून म्हणाली, "मामा, चंद्र सव्वीस लाख किलोमीटरवर आलाय." मी विचारलं, कुठला आकडा घेतलास, तर म्हणाली "कक्षा ३,२४,००० योजनं, गुणिले आठ." तिला दिलेल्या झेरॉक्समध्येच 'चंद्राचे अंतर ३,२४,००० योजने' असं छापलेलं होतं, तिची काय चूक. उत्तर खऱ्याच्या साडेसहा-सातपट दिसलं की दुसरीकडे कुठे शोधू नका, परीघ अंतर म्हणून घेतलाय. दुप्पट किंवा निम्मं आलं तर व्यास आणि त्रिज्येची गल्लत आहे.

आणखी एक मिसळ होते ती पुराणांची. विष्णुपुराणात सूर्य पृथ्वीपासून एक लाख योजनांवर आणि चंद्र त्याच्याही वर आणखी एक लाख योजनांवर आहे. ती लोकांची, म्हणजे भूलोक-स्वर्लोकांची मांडणी आहे, तिचं स्थान वेगळं. पण ते एक लाख आणि आर्यभटाची १०५० योजनांची पृथ्वी एकाच एक्सेल शीटमध्ये बसवायला गेलात तर चंद्र सूर्याच्या पलीकडे जातो आणि सूर्यग्रहणच होऊ शकत नाही. शीटमध्ये एका ओळीत एकच ग्रंथ ठेवा.

आता सूर्य. इथे खरा घोळ आहे, कारण वरचं सगळं बरोबर करूनही सूर्य चुकतो, आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं आणि तो परत योजनाशी खेळायला लागतो. आर्यभटाची सूर्यकक्षा २८,८७,६६७ योजनं (शेवटचा अंक पूर्णांकात घेतलाय). त्रिज्या ४,५९,५८५, भागिले ५२५, उत्तर ८७५. खरं उत्तर २३,४८१ च्या जवळ. किलोमीटरमध्ये ५६ लाख, आणि सूर्य आहे १४ कोटी ९६ लाखांवर. जवळजवळ २७ पट कमी. सूर्यसिद्धांतात ८६२ येतात, तेही तितकंच.

हे योजनाने सुधारत नाही, पाहिजे तर ताळा करून बघा. सूर्य बरोबर बसावा म्हणून योजन किती धरावं लागेल? ३२५ किमी. आणि ३२५ किमीचं योजन धरलं की पृथ्वीचा व्यास ३ लाख ४१ हजार किमी होतो आणि चंद्र सव्वा कोटीच्या थोडा अलीकडे, १ कोटी १२ लाखांवर जातो. एक योजन, तीन अंतरं, आणि तिन्ही एकदम बसत नसतील तर चूक मापात नाहीच.

मग कुठे आहे? ती एका गृहीतात आहे. आपल्या सिद्धांतकारांनी असं धरलं की सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात, कोणी लवकर फेरी पुरी करतो तो जवळ म्हणून, कोणी उशिरा करतो तो लांब म्हणून. चंद्राची कक्षा भागिले २७.३२ दिवस, आर्यभटाकडे ७९०६ योजनं रोज. सूर्याची कक्षा भागिले ३६५.२६ दिवस, पुन्हा ७९०६. सूर्यसिद्धांतात दोन्हीकडून ११,८५९. म्हणजे सूर्याचं अंतर मोजलेलं नाहीच, चंद्राचं मोजलं आणि १३.३७ ने गुणलं, कारण एका वर्षात चंद्राच्या तेवढ्या फेऱ्या होतात. विचार सुंदर आहे, फक्त निसर्ग तसा चालत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि चंद्र पृथ्वीभोवती, दोन्हींचे वेग एकमेकांना बांधलेले नाहीत.

चंद्र मात्र बरोबर कसा आला, तर चंद्राचं लंबन डोळ्यांनी सापडण्याइतकं मोठं आहे. चेहऱ्यासमोर अंगठा धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो, तेच लंबन. पृथ्वीच्या मध्यातून आणि पृष्ठावरून बघण्यात चंद्र सरासरी ५७ कलांपर्यंत सरकतो, म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि ग्रहणाची वेळ व जागा त्यावरून इतकी बदलते की चुकलेलं लंबन लगेच उघडं पडतं. सूर्याचं लंबन किती? ८.८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). नुसत्या डोळ्याला एक कलाही जेमतेम ओळखता येते, आणि हे तिच्या सातव्या हिश्शाएवढं. दुर्बिणीशिवाय ते सापडणं शक्यच नव्हतं. ग्रीकांकडेही तेच झालं, टॉलेमीचा चंद्र सरासरी ५९ त्रिज्यांवर, छान बरोबर, आणि सूर्य १२१० वर, म्हणजे १९ पट कमी. हे कोणालाच जमलं नाही ते १६७२ पर्यंत, तेव्हा रिशे आणि कासिनी या खगोलशास्त्रज्ञांपैकी रिशे दक्षिण अमेरिकेत कायेनला आणि कासिनी पॅरिसला राहून दोघांनी एकाच वेळी मंगळ बघितला आणि त्यावरून सूर्याचं लंबन साडेनऊ विकलांच्या आसपास आलं, म्हणजे अंतर १३ कोटी ८० लाख किमी. पुढे शुक्राची अधिक्रमणं (शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसतो ती) आली, आणि १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, शुक्रावर रडारचे सिग्नल आपटवून हे अंतर फारच नेमकं मिळालं. २०१२ पासून खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्याच्या सरासरी अंतराचं माप) म्हणजे १४,९५,९७,८७०.७ किमी असं व्याख्येनेच पक्कं केलंय.

याला जोडूनच तो फॉरवर्ड, जो पणजीच्या मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेच्या दिवसांत हमखास फिरतो. हनुमान चालिसात सूर्य किती योजनांवर ते सांगितलंय, युग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल, तिन्हींचा गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल, बघा शास्त्रज्ञांच्या आधी! मी चालिसा श्रद्धेने म्हणतो, म्हणूनच हे नीट सांगावंसं वाटतं. पहिलं, १२,००० ही महायुगातल्या दिव्य वर्षांची संख्या आहे, वेळेचं माप, ते अंतराच्या गुणाकारात येऊ शकत नाही. दुसरं, ८ मैल कुठून आले? सूर्यसिद्धांताचं योजन घातलं तर साडेनऊ कोटी किमी, आर्यभटाचं घातलं तर साडेचौदा कोटी, १४.४ वालं घातलं तर सतरा कोटींच्या वर. उत्तर आधी ठरवून योजन निवडलंय. ८ मैलांनी येणारं उत्तरही १५ कोटी ४५ लाख किमी आहे आणि सूर्य कधी १५ कोटी २१ लाखांपलीकडे जातच नाही. तिसरं, ज्यांचं कामच हे होतं त्या सिद्धांतकारांनी सूर्य सात लाख योजनांच्या आतच ठेवलाय, सव्वा कोटीच्या आसपास नाही. बालमारुतीने सूर्याला फळ समजून झेप घेतली ती भक्तीची ओळ आहे, तिला कॅल्क्युलेटरच्या टेकूची गरज नाही. वेदांचे भाष्यकार सायणाचार्यांच्या 'अर्ध्या निमिषात २२०२ योजनं' वरून प्रकाशाचा वेग काढतात तिथेही हाच दोष, साडेचौदा किमीचं योजन घेतलं की ३ लाख किमी सेकंदाला येतं आणि आर्यभटाचं घेतलं की अडीच लाख.

ताऱ्यांच्या अंतरापर्यंत कोणी जायचं म्हणत असेल तर आर्यभटाची आकाशकक्षा घ्या, १,२४,७४,७२,०५,७६,००० योजनं. हा आकडा आकाशातून उतरलेला नाही, एका युगातल्या चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या गुणिले २,१६,०००, बरोब्बर तेवढाच येतो, करून बघा. वरच्याच पद्धतीने, आधी परिघाची त्रिज्या, मग ५२५ ने भागाकार, मग ६,३७१ ने गुणाकार, असं गेलात तर सुमारे २४ लाख कोटी किमी. एक प्रकाशवर्ष ९ लाख ४६ हजार कोटी किमी, म्हणून हे अडीच प्रकाशवर्षं. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. कक्षेलाच योजनाने गुणलं तर सोळा प्रकाशवर्षं येतात आणि चार्टवर 'आर्यभटाला ताऱ्यांचं अंतर माहीत होतं' असं लागतं, म्हणून पुन्हा सांगतो, आधी परिघाची त्रिज्या करा. सूर्यसिद्धांताची आकाशकक्षा युगाची नसून कल्पाची आहे, म्हणजे हजारपट, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका. शून्यांची भीती वाटत असेल तर एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढं लिहून भिंतीला चिकटवा, इंग्रजी मिलियन-ट्रिलियनचे स्वल्पविराम आणि आपले स्वल्पविराम मिसळले की हमखास एखादं शून्य पडतं.

हे दुखणं फक्त योजनाचं नाही. जुनी जर्मन पुस्तकं सूर्य सुमारे २ कोटी मैलांवर सांगतात, तो त्यांचा मैल एका अंशाला १५, म्हणजे ७.४२ किमीचा, आपण १.६०९ ने गुणलं तर सूर्य सव्वातीन कोटी किमीवर येऊन बसतो. इंग्रजीतली एकोणिसाव्या शतकातली साडेनऊ कोटी मैल मात्र खरोखर इंग्रजी मैलांतच आहेत, तिथे चूक एन्के या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने काढलेल्या सूर्याच्या लंबनाची होती, मैलाची नाही. पृथ्वी मोजणाऱ्या ग्रीक एरॅटोस्थेनिसचे २,५०,००० स्टेडिया (स्टेडियम हे जुनं ग्रीक अंतराचं माप) १५७.५ मीटरने गुणले की पृथ्वीचा परीघ ३९,३७५ किमी, वाहवा, आणि १८५ मीटरने गुणले की ४६,२५०, तर व्हिडिओत सांगतात ती 'एक-दीड टक्क्याची चूक' स्टेडियम निवडण्यावर आहे.

आणि आपल्याकडे पोर्तुगीज लेग्वा. जुन्या नकाशांत, रोटेरोंमध्ये (जहाजांच्या मार्गदर्शक पोथ्यांत) अंतरं लेग्वांत असतात, आणि लेग्वा कधी एका अंशाला साडेसतरा, कधी १८, कधी २०. अंश १११ किमीचा धरला तर लेग्वा ६.३, ६.२ आणि ५.६ किमी. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहात पोर्तुगाल आणि स्पेनने जग ३७० लेग्वांवर दोघांत वाटून घेतलं, पण लेग्वा केवढा ते तहात लिहिलंच नव्हतं. इथेही उपाय तोच, किलोमीटरचा आकडा शोधत बसू नका, अंशाला किती लेग्वा ते त्याच नकाशावर शोधा, मग अंशावरून मोजा. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गोवा उभा मोजला तर एका अंशाला थोडा कमी भरतो, त्यामुळे नकाशावरच्या लेग्वांची पट्टी आपल्याच किनाऱ्याला लावून तपासता येते.

चार्टवर काय लिहायचं असं शेवटी सगळे विचारतात, तर हे उतरवून घ्या: 'आर्यभटीय (इ.स. ४९९): चंद्रकक्षेचा परीघ २,१६,००० योजने, पृथ्वीचा व्यास १०५० योजने, म्हणून चंद्राचे अंतर = पृथ्वीच्या ६५.५ त्रिज्या. आधुनिक मापन: ६०.३ त्रिज्या.' त्याखाली सूर्याची ओळ, ८७५ आणि २३,४८१, ती लपवू नका, आणि शेजारी छोट्या अक्षरांत 'सर्व ग्रहांची दैनिक गती समान मानून' एवढं घाला. किलोमीटर हवेतच असतील तर अगदी शेवटच्या रकान्यात.